करंगळीचं कारण

आमचे घरमालक रोज सकाळी दाढी करताना आरशातल्या स्वतःला तीन सवाल करायचे. जोरात. बाहेर रस्त्याला माझं पंक्चरचं दुकान, तिथपर्यंत ऐकू यायचं.

"वार कोणता?"

"सोमवार."

"गाव कोणतं?"

"वडीगोद्री."

"समोर कोण?"

मंग गालावरचा साबण पुसत, "मीच." अन् लगेच, "पास."

पहिल्यांदा ऐकलं तवा मी बायकोला म्हणलं, आपण येड्याचं घर किरायानं घेतलं. बायको म्हणली, "त्यायला सांगता तरी येतंय. तुम्हाला इचारलं तर?" तिचं बराबर व्हतं. मला वार यायचे न्हाईत. माझ्याकडं दोनच वार, एक बाजाराचा अन् दुसरा बाकीचे सगळे.

घरमालकांनी जल्मभर एका डॉक्टरच्या हाताखाली कंपाउंडरकी केलेली. डॉक्टर गेले, दवाखाना बंद पडला, पण कंपाउंडर काही बंद पडला न्हाई. गाव त्यायला कंपाउंडरच म्हणायचं, मी काका म्हणायचो. काकू जाऊन बरेच दिवस झालते, एकुलता एक पोरगा पुण्याला. घरात एकटे. खिशाला पेनाच्या जागी थर्मामीटर. एकदा सही करायला तेच काढलं अन् कागदावर टेकवलं. माणूस समोर आला की रामराम न्हाई, काही न्हाई, "जीभ." लोक सवयीनं जीभ काढायचे. एका लग्नात नवरदेव पाया पडायला वाकला, तर आशीर्वादाच्या आधी म्हणले, "जीभ." त्यानं काढली. फोटोवाल्यानं बराबर तवाच फोटो मारला. तो फोटो त्या घरात अजून हाये म्हणतेत, पण लावलेला न्हाई.

माझ्या गिऱ्हाइकांनाबी सोडायचे न्हाईत. चाक खोलून मी बसलेलो असायचो, ड्रायव्हर बिचारा बाजंवर टेकलेला, तेवढ्यात काका येऊन उभे. "गाव कोणतं?" रस्त्यावरचा ड्रायव्हर, रातभर गाडी चालवून आलेला. तो म्हणायचा, "तेच तर मी तुम्हाला इचारणार व्हतो." काका म्हणायचे, "नापास. आधी पाणी पी अन् घंटाभर झोप."

हे सगळं कशापायी, तर त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट. तापात माणूस बरळतो, नसलेलं दिसतं, नसलेलं ऐकू येतं, त्याला आपल्याकडं वात झाला म्हणतेत. काकांचं म्हणणं, लोक येड अन् वात एकाच पोत्यात भरतेत. "अरे, येड पायी येतं," ते सांगायचे. "वर्ष लागतं, दोन वर्षं लागतेत, वाटंत बसत बसत येतं. वात एसटीनं येतो. काल शहाणा व्हता अन् आज भिंतीशी बोलून राह्यला, म्हंजे एसटीतून कोण उतरलं ते बघ. कारण बघ. कारण उतरलं की वात उतरतो." आणखी एक सांगायचे, की वात सकाळी जरा कमी असतो अन् दिवस बुडायला लागला की चढतो. म्हणून सकाळी बरा दिसला म्हणून घरी आणू नका.

अन् लागीर हा शब्द त्यांच्यासमोर काढायचा न्हाई. "आधी थर्मामीटर, मंग देवऋषी," म्हणायचे. "देवऋषी कुठं पळून चालला का?"

आता माझं सांगतो. मी पीत व्हतो. किती, ते इचारू नका. कंप्रेसरच्या टाकीला काटा असतो, मला तोबी नव्हता. एकदा पिंपळगावला रेणुकाईच्या दर्शनाला गेल्तो, तिथं सासूबाईनं मला देवीपुढं उभं केलं अन् शपथ घ्यायला लावली. घेतली. त्याच दिशी एका झटक्यात सोडली. लई अभिमान वाटला. दुसऱ्या दिशी हात थरथरायला लागले. बायको म्हणली, नशा निघून राह्यली. तिसऱ्या दिशी मी सासूबाईचा हात धरला, पाण्याच्या घमेल्यात कोपरापर्यंत बुडवला अन् बुडबुडे शोधायला लागलो.

मला सगळं आठवत न्हाई. बायकोनं गावाला जे सांगितलं तेच मी सांगून राह्यलो. उशी बुडवली, गोधडी बुडवली, अन् "इथं हाये, इथं हाये" म्हणत सासूबाईच्या दंडावर कानस घासायला निघालो. मला आठवतं ते एवढंच, की भिंतीवर बोटाएवढे ट्रक, रांगेनं, सगळ्यांची टायरं बसलेली, अन् सगळे ड्रायव्हर माझ्या नावानं हॉर्न वाजवून राह्यले.

सासूबाईला वाटलं देवी आली. परवा शपथ घेतली, आज देवी अंगात आली, तिचा हिशोब सरळ व्हता. माझ्या कपाळाला कुंकू फासलं, गळ्यात हार घातला. गल्लीतल्या बाया जमल्या. एकीनं हात जोडून इचारलं, "आई, आमची म्हैस कवा व्याईल?"

मी म्हणलो, "ट्यूबलेस हाये."

मंग एक हळूच म्हणली, "म्हंजे गाभण न्हाई." अन् खरंच न्हाई निघाली ती. त्यापायी दोन बाया अजून मला चौकात बघितलं की पदर सावरतेत.

काका आले. हाराकडं बघितलंबी न्हाई. "जीभ."

मी काढली.

"वार कोणता?"

"पंक्चर."

"गाव कोणतं?"

"मागलं चाक."

"मी कोण?"

मी म्हणे लई येळ त्यांच्याकडं बघितलं, डोळ्यांत पाणी आणलं अन् पाय धरले. "तुम्ही माझी स्टेपनी."

"ही देवी न्हाई," काका म्हणले. "देवीला वार माहीत असतो."

सासूबाई उठली भांडायला. काकांनी तिला एवढंच इचारलं, "शेवटचा कवा पिला?"

"तीन दिस झाले. बिलकुल शिवला न्हाई बघा."

"मंग बराबर टायमाला आली गाडी. एवढा पिणारा माणूस एकदम सोडतो तवा तिसऱ्या दिशी हेच व्हतं. यात मरतेतबी माणसं. उचला."

जीप करून मला जालन्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं सलाईन, झोपेचं इंजेक्शन, ताकदीचं इंजेक्शन. बायको म्हणली, खाटंला बांधा, न्हाईतर हा दवाखाना बुडवून बघंल. काकांनी बांधू दिलं न्हाई. म्हणले, बांधलं की जास्त भितो, अन् भ्याला की जास्त वळवळतो. दिवा चालू ठेवला. समोर कॅलेंडर टांगलं. अन् बायकोला शिकवलं, "तो ट्रक हायेत म्हणला तर न्हाईत म्हणू नको, भांडण व्हईल. हायेत बी म्हणू नको, त्याला खरं वाटंल. म्हणायचं, मला दिसत न्हाईत, पण मी हाये इथं."

बायकोनं दोन दिस हेच म्हणलं. पुढं मी बरा झाल्यावरबी म्हणायची. मी म्हणायचो, जेवण कुठं हाये? ती म्हणायची, मला दिसत न्हाई, पण मी हाये इथं.

त्यानंतर दारू सुटली ती सुटली. ती डॉक्टरनं सोडवली, मी न्हाई. अन् काकांनी ठरवलं की मला शहाणं करायचं. दुकानासमोर बाजंवर बसून माझा उजवा हात धरला अन् एकेक बोट दाबत सांगायला लागले. "वात झालेला माणूस दिसला की हाताकडं बघ. अंगठा म्हंजे ताप. हे पहिलं बोट, पाणी, म्हाताऱ्याच्या अंगात पाणी कमी झालं की डोकं फिरतं. मधलं, साखर, वाढलेली किंवा उतरलेली. अंगठीचं बोट, गोळी अन् बाटली, काय नवीन घेतलं, काय एकदम सोडलं." मंग करंगळी धरली अन् हसले. "ही सांगायची गरज न्हाई. ही तर शाळेतल्या लेकरालाबी कळती."

मी म्हणलं, "हां, ही तर काय."

आता खरं सांगतो. मी शाळेत गेलो न्हाई. एक दिवसबी न्हाई. पण दुकानात मी रोज पेपर घ्यायचो, तोंडासमोर धरायचो, अन् कोणी काही वाचायला दिलं की चष्मा घरी राह्यला म्हणायचो. मला चष्मा नव्हताच. एवढं सगळं केलेलं, मंग करंगळीपायी कसं सांगू की मला कळलं न्हाई? घरी येऊन बायकोला इचारलं, करंगळी म्हंजे काय? ती म्हणली, करंगळी म्हंजे करंगळी. तीबी माझ्याच शाळेतली.

मंग मी इचार केला. करंगळी कामाला कवा येती? लग्नात. होमाभोवती फिरताना बायकोनं माझी करंगळी धरली व्हती. म्हंजे पाचवं कारण बायको. माणसाला एकाएकी येड लागायचं कारण बायको, हे मला पटलंबी.

झालं असं, की त्या हिवाळ्यात काकांना सर्दी झाली. चष्मा पुसत बसले व्हते धोतराला. मी म्हणलं, "पुसता काय, द्या इकडं, हवा मारून देतो." अन् कंप्रेसरची नळी लावली. एक काच उडाली ती रस्त्यावर, अन् वरून उसाचा ट्रॅक्टर अंकुशनगरच्या कारखान्याला चाललेला. चष्मा अंबडला दुरुस्तीला गेला.

म्हणून गोळीचं पाकीट काकांनी मला वाचायला लावलं. काकांनी सांगितलेलं नाव मेडिकलपर्यंत जाईस्तोवर मी विसरलो व्हतो. तिथं म्हणलं, सर्दीची दे, जोरातली. कोणासाठी ते सांगितलं न्हाई.

"मागं काय लिहिलंय बघ," काका म्हणले. "म्हाताऱ्या माणसाला चालती का?"

मी पाकीट उलटं केलं, सुलटं केलं, ओठ हलवले. "बिलकुल चालती म्हणतेत. दिवसातून तीनदा."

जो माणूस दुसऱ्याला पाकीट वाचल्याशिवाय गोळी घेऊ द्यायचा न्हाई, त्यानं माझ्या वाचनावर दोन दिस गोळ्या खाल्ल्या.

तिसऱ्या दिशी सकाळी आरशासमोर आवाज झाला, "वार कोणता?" अन् पुढं कोणी बोललंच न्हाई. मी आत गेलो. काका बनियनवर, हातात थर्मामीटर, तुळशीला लावून उभे. भिंतीकडं बघून म्हणले, "रांगेत थांबा. त्या बाईला आधी सोडा, कडेवर लेकरू हाये." भिंतीजवळ कोणीच नव्हतं. मंग माझ्या कंप्रेसरजवळ येऊन म्हणले, "जीभ."

मला रडूच आलं. पण शिकवलेलं व्हतं. जवळ जाऊन म्हणलं, "काका, मला दिसत न्हाईत ती माणसं, पण मी हाये इथं." अन् बोटं मोजली. अंगठा, कपाळ गार. पहिलं बोट, पाणी दिलं, दोन घोट पिले. साखर त्यायला कवाच नव्हती. अंगठीचं बोट, गोळी. इथं मी थांबलो. गोळी कोणी आणली? मी. सर्दीच्या गोळीनं काय व्हतंय, म्हणून पुढं गेलो. स्वतःवर आलं की माणूस बोट बदलतो.

तेवढ्यात काकांनीच हात वर केला. करंगळी. मला दाखवली. पुन्हा दाखवली. तोंड कसनुसं केलेलं.

मी म्हणलं, बायको! काकूची आठवण काढून राह्यले. पळत आत गेलो, भिंतीवरचा लग्नाचा फोटो काढला, शर्टानं पुसला अन् त्यांच्या हातात दिला. काका फेटा बांधलेले, काकू नऊवारीत, दोघंबी घाबरलेले. काकांनी फोटो बाजूला सारला अन् करंगळी अजून वर केली. मी फोटो अजून जवळ धरला. काका चिडले. मी फोटोला उदबत्ती लावली. काका मला मारायला उठले.

मंग मी मोबाईल काढला, काकांच्या पोराचा फोटो दाबून पुण्याला फोन लावला. दुपार कलायला त्याची गाडी दारात. शिकलेला माणूस, मोठ्या हुद्द्यावर. वाईट न्हाई. बापासमोर गुडघ्यावर बसला.

"बाबा, मला ओळखलंत?"

काका म्हणले, "नंबर काय तुमचा?"

पोराचं तोंड उतरलं. उठून मला म्हणला, "मला हे होणार माहीत होतं. वय झालंय. पुण्याजवळ एक जागा बघून ठेवलीय, अशा लोकांना चोवीस तास सांभाळतात. आजच नेतो. घर बंद करावं लागेल."

कायमचं. मला दोन गोष्टी दिसल्या. एक, काका अनोळखी खोलीत, समोर आरसाबी न्हाई, अन् कोणी वार सांगायला न्हाई. दुसरं, माझं दुकान. लपवत न्हाई, दोन्हीसाठी रडलो.

"दादा," मी म्हणलं, "हे येड न्हाई. वात हाये. येड पायी येतं. हे एसटीनं आलंय. परवा बराबर व्हते, मला शिव्या दिल्या त्यांनी चष्म्यावरून."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"न्हाई, पंक्चरवाला."

"मग?"

त्यानं कपड्यांची पिशवी भरली. काकांना धरून मागच्या सीटवर बसवलं. मी खिडकीतून फोटो आत सारून राह्यलो, अन् काका करंगळी बाहेर काढून माझ्या नाकासमोर हलवून राह्यले. पोरगा पुढं बसून त्या जागेवाल्याला फोनवर सांगत व्हता, रात्रीपर्यंत पोचतो.

दुकानासमोर झेडपी शाळेच्या बाई उभ्या व्हत्या. त्यांच्या स्कुटीचं चाक सकाळपासून माझ्या घमेल्यात. बाई सगळं बघत व्हत्या. त्या पुढं आल्या अन् म्हणल्या, "अहो, फोटो काय दाखवताय? त्यांना एकीला जायचंय."

"एकीला म्हंजे?"

बाई माझ्याकडं बघतच राह्यल्या. "लघवीला. शाळेत पोरं करंगळी दाखवतात ना. तुम्ही शाळेत नव्हता का?"

मी म्हणलं, "न्हाई बाई. मी शाळेत गेलोच न्हाई." रस्त्यावर दहा माणसं व्हती. जल्मभर पेपर धरून लपवलेलं एका दमात वडीगोद्रीला कळलं.

पोरगा गाडीतून उतरला. "बाबांना लघवी कधी झाली?" कोणाला ठाऊक न्हाई. त्यानं बेंबीखाली हात लावला, काका ओरडले. पोट ट्यूबसारखं टम्म. तवा कुठं माझी पाची बोटं एका जागी आली. मी पळत जाऊन गोळीचं पाकीट आणलं अन् पोराच्या हातात दिलं. "दादा, हे मी वाचून दिलतं. मला वाचता येत न्हाई."

त्यानं पाकीट वाचलं अन् खिशात घातलं. पुण्याकडं जाणारी गाडी अंबडला वळली.

डॉक्टरनं आधी नळी टाकली. पिशवी भरली. दुसरी लावली, तीबी भरायला आली. ट्रॅक्टरच्या चाकात वजनाला पाणी भरतेत, मी जल्मात एवढं पाणी तिथंबी बघितलं न्हाई. डॉक्टर पाकीट बघून म्हणले, अशा गोळीनं म्हाताऱ्या माणसाची लघवी अडते, अन् वर डोक्यालाही भ्रम होतो. गोळी बंद. सलाईन, लघवीची अन् रक्ताची तपासणी. "हे वेड नाही. उतरेल. पण लगेच नाही, दोन-तीन दिवस धीर धरा. खोलीत उजेड ठेवा, ओळखीचं माणूस जवळ ठेवा, चष्मा द्या."

चष्म्याचं नाव निघालं तसा मी खालमानेनं बाजारात गेलो अन् चष्मा घेऊन आलो. कॅलेंडरबी आणलं.

दिवस बुडायला लागला तशी काकांची रांग पुन्हा भिंतीला लागली. पोरगा म्हणायला लागला, "बाबा, कुणी नाहीये तिथे." काका चिडायला लागले. मी त्याला बाजूला घेऊन काकांनीच शिकवलेलं वाक्य सांगितलं. मंग त्यानं खुर्ची ओढून बापाचा हात धरला अन् हळू म्हणला, "मला दिसत नाहीत ती माणसं, बाबा. पण मी आहे इथं." त्यानं नंतर बाहेर जाऊन पुण्याला फोन केला, नको म्हणून. मी दाराआड व्हतो.

पुढं काका अजून बरेच हिवाळे वडीगोद्रीतच राह्यले. रोज दाढीच्या येळेला पोराचा फोन यायचा, अन् आरशाच्या ऐवजी तोच इचारायचा, वार कोणता. मला शाळेच्या बाईनं पाटी दिली, तिच्यावर मी दुकानाचं नाव लिहायचो, अन् काका खोडायचे. पण मला आठवती ती दवाखान्यातली तिसऱ्या दिवसाची सकाळ.

डॉक्टर खाटंजवळ आले. काका चष्मा लावून कॅलेंडरकडं बघत पडले व्हते.

"काका, वार कोणता?"

"गुरुवार."

"गाव?"

"अंबड. दवाखाना."

"आणि हे कोण?" डॉक्टरनं माझ्याकडं बोट दाखवलं.

काकांनी माझ्याकडं लई येळ बघितलं. हळूच हात वर केला अन् करंगळी दाखवली.

या टायमाला मी चुकणार नव्हतो. भांडं घ्यायला पळालो, पोरगा नर्सला हाक मारायला पळाला, मी त्याच्यावर आदळलो, भांडं खणखणत खाटंखाली गेलं.

"अरे थांबा येड्याहो," काका म्हणले. "नळी हाये की मला." अन् माझ्याकडं वळले. "तो फोटो कुठं ठेवला?"

"कोणता, काका?"

"काकूचा. तू दाखवत व्हता ना तवा." हात पुढं केला. "तवा लघवी लागल्ती, नीट बघता आला न्हाई. आता दाखव."